लावा पंखा

शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या पंपघराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिला सगळे स्विचरूम म्हणत. आत राखाडी लोखंडी पॅनेलांची रांग उभी होती, माणसापेक्षा उंच, एकाला एक चिकटून. दिसायला कपाटंच; फरक एवढाच, की कपाटात लोक कपडे ठेवतात आणि इथे अकरा हजार व्होल्ट मुक्कामाला होते. रांगेच्या मागे, भिंतीला लागून, एका वेळी एकच माणूस जाईल असा बोळ होता. त्या बोळात सकाळी पहिलं पाऊल कुणी टाकायचं हे ठरलेलं होतं. ते तात्यांनी टाकायचं.

सकाळची पाळी आली की मंडळी दाराबाहेर थांबत. खोलीतला मोठा पंखा मुद्दाम बंद ठेवलेला असे, कारण पंखा लागला की आतली हवा बाहेर जाते आणि हवेबरोबर वासही. तात्या एकटे आत शिरत, दार ओढून घेत, बोळातून सावकाश एक फेरी मारत आणि बाहेर येऊन म्हणत, "लावा पंखा." मग पंखा लागे, आणि त्यानंतरच बाकीच्यांना आत प्रवेश. तात्या "थांबा" म्हणाले, तर पंपघराच्या मुख्य इंजिनिअर असलेल्या मॅडमसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबत. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

आता हा वास कसला, ते सांगायला हवं. प्रत्येक पॅनेलच्या पोटात, मागच्या बाजूला, सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बसवलेले असतात. विटकरी रंगाच्या रेझिनचे ठोकळे, विटेपेक्षा थोडे मोठे. तांब्याच्या मोठ्या पट्टीतून किती करंट वाहतोय हे मोजायचं आणि मीटरला कळवायचं, एवढंच त्यांचं काम. एका अंगाला अकरा हजार व्होल्ट, दुसऱ्या अंगाला मीटरच्या नाजूक तारा, आणि मध्ये आड काय, तर फक्त ते रेझिन. ते धड आहे तोवर सगळं धड. त्याचे वैरी दोन: धूळ आणि ओल. रेझिनवर धूळ बसली आणि तिच्यावर दव धरलं, की वीज त्या ओलसर पाठीवरून चोरपावलांनी सरकायला लागते. आधी पांढरी भुकटी धरते, मग काळ्या रेघा उमटतात, फांद्यांसारख्या फुटत जाणाऱ्या. त्या फांद्या खालच्या लोखंडाला टेकल्या की पॅनेल फुटतं. तेव्हा समोर कोण उभं आहे, त्याला घरी लेकरंबाळं आहेत की नाहीत, हे ते विचारत बसत नाही.

पण फुटायच्या बऱ्याच आधी वास येतो. बंद खोलीत झेरॉक्सचं मशीन खूप वेळ चालवलं की येतो तसला, नाकाच्या आत बारीक टोचणारा. तात्या नोकरीला नवे होते तेव्हा एकदा सहज म्हणाले, "इथे काहीतरी टोचतंय हो नाकाला." तेव्हाच्या साहेबांनी लाइन बंद करून पॅनेल उघडलं, तर आत काळ्या फांद्या निघाल्या. त्या दिवसापासून तात्यांच्या नाकाला जी किंमत आली ती आलीच. नाक होतंही बघण्यासारखं, लांब आणि टोकाला जरा खाली झुकलेलं. पाठीमागे लोक "नाकतात्या" म्हणत, आणि तात्यांना ते ठाऊक होतं. लोक नावं ठेवायला गेले आणि यांनी ती पदवी समजून घेतली.

नुसतं हुंगून ते थांबत नसत, हेही सांगितलं पाहिजे. खोलीत ओलं फडकं आणायची सोय नव्हती. लादी कोरड्याच कुंच्याने झाडायची. चहाचा पेला दाराच्या आत आला की तात्यांच्या कपाळाला आठी. एकदा वरचे मोठे साहेब पावसातून आले आणि निथळती छत्री घेऊन आत शिरले. तात्यांनी त्यांच्या हातातून छत्री काढून घेतली आणि बाहेर नेऊन उभी केली. "साहेब, तुम्ही या, तिला नको," म्हणाले. पॅनेलच्या आत दव धरू नये म्हणून प्रत्येकात एक छोटा हीटर अखंड चालू असतो. तो चालू आहे का हे दिवा सांगतोच, पण तात्यांचा दिव्यावर भरवसा नव्हता. ते प्रत्येक पॅनेलला हाताची मागची बाजू लावून बघत, लेकराचा ताप बघावा तशी. लाइन बंद असेल त्या दिवशी सीटी पुसायचा मान त्यांचाच. त्यासाठी घरून धुतलेलं जुनं सुती कापड आणत आणि ते दुसऱ्या कुणाला देत नसत. एकूण काय, तर नाकावर माशी बसू देत नसत, पण कामालाही वाघ होते.

त्याच पाळीत तात्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ ऑपरेटर होता. तात्यांचा मेहुणा, म्हणून सगळं पंपघर त्याला मेहुणाच म्हणे. दाराशी बसणारा म्हातारा वॉचमनसुद्धा "काय मेहुणे, आज उशीर?" असं विचारी आणि स्वतःच हसे. दोन मुलांचा बाप, अंगाने आडवा, स्वभावाने गरीब गाय. पंखा लागला की बोळात शिरायचं काम त्याचं. एकेका पॅनेलच्या मागच्या झाकणाला तळहाताएवढी काच असते, तिला डोळा लावून आत बघायचं, हीटरचा दिवा बघायचा आणि पुढे सरकायचं.

आणि मग तात्यांना ताप आला.

साधाच ताप, सर्दीपडशाचा. आठवड्याभरात उतरलाही. नाक मोकळं झालं, श्वास छान चालू झाला, पण वास म्हणून काही येईना. तात्यांना आधी वाटलं, अजून सर्दी आहे. मग वाटलं, हल्ली साबणच बिनवासाचे निघायला लागलेत. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत.

एका सुट्टीच्या सकाळी तात्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होते. त्यांच्या पाठीमागे गॅसवर दूध होतं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती जिन्यावरून धावतच खाली आली.

"अहो! वरपर्यंत वास आला मला! दूध आटून तळाला कोळसा झालाय, आणि तुम्ही हातभर अंतरावर बसून कोडी सोडवताय?"

"मला वाटलं, तू बघतेयस."

"मी गच्चीवरून बघतेय? तुमचं एवढं गाजलेलं नाक कुठे गहाण पडलंय?"

तात्यांनी मान न वळवता कोड्याचा एक चौकोन भरला. आता, तात्या टोमणा नुसता गिळतात म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ओळखायला त्यांच्या बायकोला यंत्र लागत नव्हतं. तिने ते करपलेलं पातेलं फडक्याने धरलं आणि सरळ त्यांच्या नाकाखाली आणलं.

"काय येतंय?"

"काही नाही."

तिने कांदा कापून धरला. डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली. "कधीपासून?"

"तापापासून."

"मग चला डॉक्टरकडे."

"नको. तिथे बाकावर पंपघरातलं कुणी ना कुणी बसलेलं असतंच. दुपारपर्यंत सगळीकडे होईल."

"होऊ दे की. कामावर तरी सांगा."

"काय सांगू?" तात्या म्हणाले. "पाना फिरवणारे तिथे छप्पन्न आहेत. मला विचारतात ते याच्यामुळे." त्यांनी नाकाला बोट लावलं. "हे गेलं तर मी कोण? लादी झाडणारा."

बायकोला तेव्हा एवढंच कळलं की नवऱ्याच्या मानाला लागलंय. कामावर त्या नाकाचं नेमकं काय करतात हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. नवरे सांगतात कुठे? तिला वाटलं, आपल्याकडे भाजीला नावं ठेवायला वापरतात तसंच तिकडेही असेल. "बरं, दूध मी बघत जाईन," ती म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

तात्यांना मात्र दुसऱ्या दिवशी बोळात जायचंच होतं.

आदल्या वर्षी मॅडमनी एक यंत्र आणलं होतं. पिस्तुलासारखी मूठ, पुढे छोटा कर्णा, आणि कानाला लावायचे हेडफोन. सीटीवर वीज सरकायला लागली की अगदी बारीक चरचर होते, उघड्या कानाला न ऐकू येणारी. पॅनेलच्या फटीशी यंत्र धरलं की ती ऐकू येते. सगळे त्या यंत्राला "कान" म्हणत. ते आलं तेव्हा तात्यांनी त्याची भरपूर टिंगल केली होती. "नाक शाबूत असताना कान कशाला?" असं म्हणून त्यांनी ते आतल्या कपाटात, कुंच्यांच्या शेजारी ठेवून दिलं होतं. मॅडमनीही फार आग्रह धरला नव्हता. नाक बरोबर सांगतंय तोवर सांगू दे, असा त्यांचा हिशेब.

तर त्या सकाळी तात्या आत गेले, दार ओढून घेतलं, कपाट उघडलं आणि कानाला कान लावले. बाहेर मंडळी नाकाची वाट बघत उभी, आणि आत हे महाशय हेडफोन घालून फटीफटीशी वाकतायत. कुणी पाहिलं असतं तर हसून पोट दुखलं असतं. पण दार बंद होतं, आणि पंखा लागेपर्यंत आत कुणी यायचं नाही हा नियम खुद्द तात्यांचाच होता. हळूहळू ते त्यात तयार झाले. कुठला आवाज नुसत्या हीटरचा, कुठला पंपांच्या थरथरीचा, आणि कुठला तो, हे त्यांना कळायला लागलं. कामात माणूस हुशार होता, यात वाद नाही.

एका दमट सकाळी सात नंबरच्या पॅनेलपाशी त्यांना चरचर ऐकू आली, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. यंत्र कपाटात ठेवून ते बाहेर आले. "थांबा. सात नंबर."

लाइन बंद केली, झाकण उघडलं. आतला हीटर जळालेला, सीटीवर दव, आणि एका कडेला पांढरी भुकटी धरायला लागलेली. अगदी सुरुवात होती. त्या दिवशी सगळ्यांनी जवळ जाऊन बघितलं, हुंगलंही. मेहुणा तर हरखूनच गेला. "भावजी, एवढ्याशा भुकटीचा वास तुम्हाला बाहेरून आला? नाक आहे की काय आहे!" तात्या हसले. त्यांना ओशाळल्यासारखं झालं आणि गोडही वाटलं, दोन्ही एकदम. त्यांनी सीटी पुसून लख्ख केला, नवा हीटर बसवला, आणि घरी जाऊन बायकोशी उगाचच भांडले.

पुढे जे झालं ते या शाबासकीमुळेच झालं. टेकडीवरच्या दुसऱ्या पंपघरात पॅनेलं जुनी होती आणि तिकडच्या इंजिनिअरने मॅडमकडे यंत्र मागितलं. मॅडमनी सकाळी सगळ्यांसमोर विषय काढला.

"तात्या, खरं सांगा. हे यंत्र आपल्याला लागतं का? तिकडे ना नाक आहे, ना कान. पाठवून देऊ?"

नुसतं "राहू द्या" म्हटलं असतं तरी भागलं असतं. कारण द्यायचीही गरज नव्हती. पण मंडळी तोंडाकडे बघत होती, मेहुणा आधीच हसायच्या तयारीत होता, आणि सात नंबरची शाबासकी अजून ताजी होती.

"खुशाल पाठवा," तात्या म्हणाले. "कुंच्यांना जागा होईल."

सगळे खो खो हसले. यंत्राचं खोकं तात्यांनीच बांधलं, दोरीची गाठ स्वतः मारली, आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे खूप असतात; तो धोंडा नीट बांधून गाडीत चढवून देणारे तात्याच.

त्यानंतर रोज सकाळी ते रिकाम्या हातांनी आत जात. जमेल ते सगळं करत. पॅनेलला हात लावून ऊब बघत, काचेतून बॅटरी मारत, दिवे बघत, कान टवकारत. खोल श्वास घेऊन बघत, आज तरी येईल म्हणून. काही येत नसे. आणि तरी बाहेर येऊन "लावा पंखा" म्हणत. मेहुणा बटण दाबून आत गेला की तो बोळाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत तात्या दाराशीच घुटमळत. तात्या वाईट नव्हते. पण भित्रे झाले होते, आणि आपल्या भित्रेपणाला अनुभव म्हणत होते. "इतक्या वर्षांच्या हाताला कळतंच," असं स्वतःला सांगत. हात खोटं बोलत नव्हता. हाताला फक्त ऊब कळते, बाकीचं कळत नाही, हे मात्र ते स्वतःला सांगत नव्हते.

मेहुणा एका सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जेवायला आला. बहिणीने आग्रहाने वाढलं, त्याने आग्रहाने खाल्लं. पोट भरल्यावर त्याला बोलायची हुक्की आली.

"ताई, तुला सांगतो, आमच्याकडे यंत्रं येतात नि जातात. भावजी आत जातात, हुंगतात, बाहेर येऊन 'लावा पंखा' म्हणतात, आणि मग मी बोळात शिरतो. एकेक पॅनेल काचेतून बघत जातो. अकरा हजार व्होल्ट आणि माझं तोंड, मध्ये एवढं अंतर." त्याने वीतभर हात करून दाखवला.

"अरे बापरे. भीती नाही वाटत?"

"भीती कसली? भावजी हुंगून आलेले असतात ना!"

बहिणीच्या हातातला भाताचा चमचा भांड्यातच राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा ताटात बघत होता. भावाला अजून थोडा भात वाढला, पाणी दिलं, मुलांसाठी डब्यात काहीबाही भरून दिलं. तो जिना उतरून गेला आणि खालचं फाटक वाजलं, तेव्हा तिने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"तुम्हाला हातभरावरचं दूध कळत नाही, आणि माझा भाऊ तुमच्या नाकावर विसंबून तिथे तोंड घालतो?"

"मी रोज सगळं बघतो. हीटर बघतो, काच बघतो—"

"वास येतो का?"

"नाही."

"मग बघता काय?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "उद्या सांगायचं. सगळ्यांसमोर. नाही सांगितलंत तर मी फाटकावर येऊन सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुम्हाला माहीत आहे."

"हसं होईल माझं."

"होऊ दे. हसं झालेला नवरा मला चालेल," ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. "त्याला काही झालं तर मी तुमच्या तोंडाकडे बघणार नाही. आयुष्यात बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी तात्या वेळेवर पोचले. हवा दमट होती. ठरल्याप्रमाणे दाराबाहेर मंडळी जमली होती. मॅडम होत्या, फिटर होते, आणि मेहुणा पंख्याच्या बटणावर हात ठेवून उभा होता. आत जायचं काही कारण नव्हतं, पण पायांना सवय होती. तात्या आत गेले आणि बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. पॅनेलं गुणगुणत होती, दिवे सगळे लागलेले होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. गार हवा आत गेली, गार हवा बाहेर आली. ते तसेच परत फिरले.

"लावू?" मेहुण्याने विचारलं.

"नको."

"वास आहे?" मॅडम लगेच पुढे झाल्या.

"ते मला माहीत नाही," तात्या म्हणाले. "माझं नाक गेलंय, मॅडम. मला कशाचाच वास येत नाही. ताप आला होता ना, तेव्हापासून. सात नंबर मी नाकाने पकडला नव्हता. तुमच्या यंत्राने पकडला होता."

फिटरांपैकी एक जण हसला. त्याला वाटलं, तात्या गंमत करतायत. मग तात्यांचा चेहरा बघून तो गप्प झाला.

"आणि यंत्र पाठवू का म्हणून विचारलं, तेव्हा?" मॅडम म्हणाल्या.

"तेव्हा खोटं बोललो."

"त्यानंतर रोज तुम्ही माणसं आत पाठवलीत."

"हो."

मॅडमनी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं. असं एखाद्याचं बघणं थांबतं तेव्हा चार शिव्या परवडल्या असं वाटतं. त्यांनी टेकडीवरच्या पंपघराला फोन लावायला घेतला, यंत्र आत्ताच्या आत्ता परत हवं म्हणून. तेवढ्यात मेहुण्याने बटणावरचा हात काढला.

"मॅडम, सहा नंबर," तो म्हणाला. "आधी सहा नंबर बंद करा."

"तुला काय माहीत?"

"बंद करा, मग सांगतो. आत कुणी जाऊ नका. कुणीच नका जाऊ."

या माणसाने आजवर कुणाला हुकूम केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून असेल, पण मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. त्या शेजारच्या कंट्रोल रूममध्ये गेल्या आणि तिथूनच पंप दुसऱ्या बाजूच्या लाइनवर घेतले. अर्ध्या रांगेचा पुरवठा तोडला. लाइन मेली आहे याची खात्री केली, उरलीसुरली वीज जमिनीत जावी म्हणून अर्थिंग केलं, आणि मगच सहा नंबरचं मागचं झाकण उघडायला सांगितलं. स्क्रू तात्यांनीच काढले. त्यांना कुणी नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

आत हीटर चालू असल्याची ऊब अजून होती. दिवाही ठीक होता. पण तळाशी, केबल जिथून वर येते तिथला सील गळून पडला होता आणि खालच्या चरातली ओल सरळ वर येत होती. मधल्या सीटीची एक बाजू पांढरीफटक झाली होती, आणि तिच्यातून काळ्या फांद्या खाली उतरल्या होत्या. सगळ्यात लांब फांदी खालच्या लोखंडापासून नखभर अंतरावर थांबली होती. झाकण बसवलं की त्या सीटीसमोरच काच यायची, जिला रोज डोळा लावायचा असतो. पण त्या काचेच्या कोनातून ही बाजू दिसतच नव्हती.

तात्यांनी वाकून त्या फांदीकडे बघितलं. त्यांना बायकोचं कालचं रडणं आठवलं.

"हे एका दिवसाचं नाही," ते म्हणाले. "कितीतरी दिवस चाललंय. वास मारत असणार नुसता." मग ते मेहुण्याकडे वळले. "तुला कसं कळलं?"

"येत होता वास," मेहुणा म्हणाला.

"तुला?"

"रोज. पंखा लागलेला असला तरी सहापाशी आलो की नाकात टोचायचं. सातला आला होता, तसलाच."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

मेहुण्याने मान खाली घातली, शाळेत मार खायला उभं राहिल्यासारखी. "तुम्ही 'लावा पंखा' म्हणायचात. तुम्हाला येत नाही म्हणजे तो नाहीच, असं धरलं मी. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय." तो जरा थांबला. "परवा डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आलो, भावजी. घरी सांगितलं नाही. म्हटलं, नसलेला वास येतो मला, डोक्यात काही झालंय का बघा."

"काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

"नाक ठणठणीत आहे म्हणाले." मेहुणा तात्यांकडे बघत होता. "मी म्हटलं, या डॉक्टरला काही कळत नाही."

कुणीच हसलं नाही. तात्या तिथेच बोळातल्या लादीवर बसले. मेहुण्याने त्यांना उठवायला हात पुढे केला, पण तो धरायचं त्यांना बराच वेळ धाडस होईना.